एका ताटात जेवलेले दिवस

हे गेले तेव्हा मी जेवत होते.

एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला कित्येक दिवस लागले. हे म्हणजे माझे यजमान, वसंतराव. आयुष्यभर परभणीत शेतकीच्या कॉलेजात जोंधळ्याचं पीक शिकवलं. शेवटचे काही आठवडे आम्ही संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात होतो. अन्ननलिकेचा कॅन्सर. त्या दिवशी सकाळपासून श्वास जड झाला होता, पण जाग होती. बोलणं तर केव्हाच बंद झालं होतं. दुपार व्हायच्या सुमाराला यांनी माझ्याकडे बघून उजव्या हाताची पाची बोटं जुळवली, तोंडाकडे नेली आणि दाराकडे खूण केली. जेवून ये. मी मान हलवून नको म्हटलं. यांनी पुन्हा तेच केलं आणि डोळे मोठे केले. मग आमच्या मुलीला, मेघाला, जवळ बसवून मी खालच्या खानावळीत गेले. ताट आलं, मी जेवू लागले. थोड्या वेळानं मेघा खाली आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मी विचारलं, "बाबांजवळ कोण आहे?" म्हणाली, "सिस्टर आहेत." "मग तू पण दोन घास खाऊन घे." "नको आई, तू खा. सावकाश खा." ती माझ्या ताटाकडे बघत बसून राहिली. मी पोळी संपवली, वरणभात खाल्ला, पाणी प्यायले, हात धुऊन आले. तेव्हा तिनं माझा ओला हात धरला आणि नुसतं "आई..." म्हणाली.

ती जिना उतरून आली तेव्हाच सगळं संपलं होतं. नंतर, घरी आल्यावर तिनं सांगितलं की बाबांनी तिला आदल्या दिवशीच खुणांनी समजावलं होतं... काही झालं तरी आधी आईला जेवू द्यायचं, मग सांगायचं. माझी लेक ते ओझं घेऊन माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला वाटीतली भाजी घे म्हणून आग्रह करत होते.

बायकोच्या जेवणाची इतकी काळजी करणारा हा माणूस पहिल्यापासून तसा नव्हता. म्हणजे वाईट होता असं नाही. ज्या घरात वाढला त्या घरासारखा होता. यांचं घर परभणीजवळच्या झरीचं. शेती बरी, माणसं भरपूर, सगळे माळकरी. ओसरीत पुरुषांची पंगत बसायची, ती उठली की पोरांची, आणि मग आत चुलीजवळ आम्ही बायका उरलंसुरलं सारखं करून जेवायचो. उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत माझ्या सासूबाई फार कडक, आणि हे त्यांच्याहून कडक. कुणाच्या ताटातलं काही उचलायचं नाही, कुणाला आपल्या ताटातलं द्यायचं नाही, पाणी प्यायचं ते तांब्या वर धरून. आमच्या लग्नात बायकांनी हौसेनं घास भरवायला लावला, तर यांनी जिलबीचा तुकडा माझ्या तोंडात न घालता तळहातावर ठेवला! सगळा मांडव हसला. मी खाली मान घालून तो तुकडा स्वतःच खाल्ला. पुढे परभणीत आमचं वेगळं बिऱ्हाड झालं, मी शाळेत शिकवू लागले, मेघा झाली. तरी चाल तीच राहिली. हे आधी जेवायचे, मी वाढायची. मग मी ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खाऊन शाळेला पळायची. त्यात काही चुकतंय असं ना यांना वाटलं, ना मला.

निवृत्तीनंतर यांना इथिओपियातल्या एका कॉलेजात शिकवायला बोलावणं आलं. पूर्वेकडच्या डोंगरातलं गाव, राजधानीपासून बसनं दिवसभराची वाट. जोंधळा मूळचा त्याच मुलखातला, म्हणून हे एखाद्या तीर्थाला निघाल्यासारखे निघाले. माझी नोकरी संपल्यावर मीही गेले. पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, भाषा कळत नाही, थंडी चांगलीच... पण सगळ्यात मोठी धास्ती होती ती जेवणाची. तिथल्या कितीतरी हॉटेलांत दर्शनी भागातच मटण टांगलेलं असतं, आणि कच्चं मांस हा तिथं मानाचा पदार्थ. हे तोवर घरीच भात-वरण करून खात होते. यांच्याबरोबर शिकवणाऱ्या ताडेसे नावाच्या गृहस्थांनी यांना एक युक्ती सांगितली. बुधवारी आणि शुक्रवारी तिथल्या लोकांचा उपास. त्या दिवशी मांस नाही, दूध नाही, तूप नाही. कुठल्याही हॉटेलात जा, डाळी आणि भाज्याच मिळणार. मी पोचले त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला जेवायला नेलं. बरोबर त्यांची बायको होती, अल्माझ. नाव ऐकल्याबरोबर हे खुलले. यांच्या वडिलांची शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेली. "अलमास म्हणजे हिरा! आमचे वडील म्हणायचे," असं यांनी सोप्या इंग्रजीत सांगितलं. अल्माझनं छातीवर हात ठेवला. तिच्या भाषेतही तोच अर्थ होता.

बसायला बुटकी स्टुलं, मध्ये दुरडीसारखं रंगीत विणलेलं उंच बैठकीचं मेज. एक मुलगी तांब्या आणि घंगाळ घेऊन आली आणि आम्ही बसल्या जागी आमच्या हातांवर पाणी घातलं. मला एकदम आमच्याकडच्या पाहुणचाराची आठवण झाली, बरं वाटलं. आणि मग जेवण आलं... एकच ताट. परातीएवढं. त्यात आपल्या धिरड्यासारखं पण मऊ, जाळीदार, आंबूस असं इंजेरा पसरलेलं, आणि त्याच्यावरच डाळी-भाज्यांचे ढीग वाढलेले. वाटी नाही, चमचा नाही. चौघांनी आपापल्या बाजूनं इंजेरा तोडायचं आणि खायचं. ताडेसे म्हणाले, "घ्या." यांचा हात मांडीवरून हलेना. शेवटी यांनी त्या मुलीला बोलावून वेगळं ताट मागितलं. तिला कळेना. ताडेसेंनी तिला समजावलं. अल्माझचा चेहरा पडला. तिनं नवऱ्याला हळूच काहीतरी विचारलं, आणि ताडेसेंनी संकोचत आम्हाला सांगितलं, "ती विचारतेय, यांना काही आजार आहे का?"

वेगळं ताट आलं. हे त्यात एकटे जेवू लागले. मी काय करावं? चार माणसांत यांच्यासमोर बसून मी कधी जेवले नव्हते. पण अल्माझचा तो चेहरा मला बघवेना. मी त्या मोठ्या ताटात हात घातला. शिरो म्हणून एक पदार्थ होता, तो जिभेवर ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, हे तर पिठलं!" अल्माझला शब्द कळला नाही, सूर कळला. ती हसली, तिनं एक घास नीट गुंडाळला आणि सरळ माझ्या तोंडासमोर धरला. ताडेसे म्हणाले, "याला गुर्शा म्हणतात. ज्याच्याविषयी माया वाटते त्याला भरवायचा." मी तोंड उघडलं. आई गेल्यानंतर मला कुणी भरवलं नव्हतं. डोळे असे भरून आले की समोरचं ताट दिसेना. एका घासावर थांबत नाहीत म्हणून तिनं दुसरा भरवला. हे आपल्या ताटातून मान वर करून बघत होते.

घरी परतताना चढावर हे थांबले आणि म्हणाले, "कसं लागलं?" मी म्हटलं, "काय? पिठलं?" "न्हाई... दुसऱ्याच्या हातचं." मी म्हटलं, "आईच्या हातचं लागतं तसं." हे पुन्हा चढ चढू लागले.

नंतरच्या शुक्रवारी मला म्हणाले, चल, तिथंच जाऊ. आम्ही दोघंच गेलो. त्या मुलीनं यांना ओळखलं आणि दोन बोटं दाखवून विचारलं, दोन ताटं का? यांनी क्षणभर विचार केला आणि एक बोट वर केलं. त्या दिवशी यांनी ताटाच्या मध्ये जणू शेताच्या बांधासारखा धुरा घातला होता, अलीकडचं यांचं आणि पलीकडचं माझं. घास सीमेपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. मला हसू येत होतं. पण नंतर नंतर ती सीमा पुसट झाली. माझ्या बाजूची भाजी यांना आवडायची, यांच्या बाजूची डाळ मी ओढायची. तळाचं इंजेरा सगळे रस पिऊन भिजलेलं असायचं, ते सगळ्यात चवीचं. ते कुणी खायचं यावरून आम्ही दोघं म्हातारे भांडायचो.

यांना तिथल्या सगळ्याच रीती पचल्या असं नाही. वाढणाऱ्याला बोलवायला लोक टाळ्या वाजवतात, त्याचं तिथं कुणाला काही वाटत नाही. यांना ते कधी जमलं नाही. "टाळी वाजवून माणसाला काय बोलवायलेत!" असं पुटपुटत हे उठून भटारखान्याच्या दारापर्यंत जायचे. जेवणानंतरची कॉफी म्हणजे वेगळा सोहळा. समोरच बिया भाजायच्या, कुटायच्या, जमिनीवर हिरवं गवत पसरायचं, ऊद जाळायचा, आणि तीन फेऱ्या झाल्याशिवाय उठायचं नाही. कॉफीबरोबर मक्याच्या लाह्या! हे म्हणायचे, "लाह्या देतात म्हंजे ही नागपंचमीच की." आणखी एक रीत होती. आपण जेवत असताना कुणी ओळखीचा-अनोळखी समोर आला तर म्हणायचं, एनिब्ला. या, जेवू. समोरच्यानं हसून नको म्हणायचं आणि पुढे जायचं. नको म्हणायचं असतं ते यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकदा शेजारच्या मेजावरच्या माणसांनी यांना एनिब्ला म्हटलं, आणि हे खरंच उठून त्यांच्यात जाऊन बसले! मी शरमेनं अर्धी झाले. पण ती माणसं इतकी खूश झाली की त्यांनी सरकून जागा दिली आणि प्रत्येकानं यांना एकेक घास भरवला. ज्या माणसानं लग्नात जिलबी तळहातावर ठेवली, तो तिथं आ करून बसला होता, आणि अनोळखी माणसं त्याला भरवत होती. परत माझ्याजवळ आले तेव्हा ओठाला लाल मसाला लागलेला. खाली बसले, ताटातला एक घास गुंडाळला आणि माझ्या तोंडापुढे धरला. वाढणारी मुलगी ओरडली, "अजून एक, अजून एक!" यांनी दुसरा भरवला आणि विचारलं, "बास का?"

मी म्हटलं, "न्हाई." माझ्या आयुष्यात यांना मी दिलेलं ते सगळ्यात धीट उत्तर होतं.

तिथली मुदत संपवून आम्ही परभणीला आलो. इथं आल्यावरही हे माझ्याबरोबरच जेवू लागले, स्टीलच्या एका मोठ्या ताटात. पण त्याची खरी परीक्षा झरीला झाली. थोरल्या दिरांच्या नातवाचं बारसं होतं. दिरांना सगळे दादा म्हणतात. घरातलं शेवटचं बोलणं त्यांचं. ओसरीत पंगत बसली, दादांनी यांना शेजारी पाट मांडला. हे पाटावर बसलेच नाहीत. आत आले, आम्ही बायका जिथं पुऱ्या तळत होतो तिथं, आणि मला म्हणाले, "एक परात घे. आपण इथंच बसू." मी घाबरले. जाऊबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. दादा दारात आले. "वसंता, हे काय करायलास? मेहमान बसलेत भाईर. लोकं काय म्हणतील?" हे शांतपणे म्हणाले, "दादा, जिनं केलं ती शेवटी जेवणार अन् आमी आधी? मला आता न्हाई जात घास. तुमी बी या इथं." दादांनी यांच्याकडे पाहिलं. मग चपला घालून शेताकडे निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर भावाभावांचं बोलणं तुटलं. सणावाराला हे एकटे झरीला जायचे, ओसरीत बसून यायचे, पण तिथं जेवायचे नाहीत. घरी येऊन म्हणायचे, "दादा लय वाळलेत."

मग घास अडकायला लागला. आधी भाकरीचा, मग भाताचा, मग पाण्याचा. तपासण्या झाल्या, नाव कळलं, संभाजीनगरच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि शेवटी पोटात नळी बसवली. मोठ्या सिरिंजनं पातळ पेज आत सोडायची. जन्मभर जोंधळ्यात रमलेल्या माणसाच्या तोंडाला जोंधळ्याचा कण लागेना. मी यांच्यासमोर जेवणं बंद केलं. कसं जेवणार? ताट घेऊन मागच्या खोलीत जायची, दार लोटून दोन घास गिळायची. ते यांच्या लक्षात आलं. आवाज तेव्हा बसला होता, तरी फुटत होता. म्हणाले, "इथं आण ताट. माझ्यासमोर बस." मी म्हटलं, "मला नाही जमायचं हो." म्हणाले, "मला जमतंय बघायला, तुला खायला काय झालं?" मी ताट आणलं, पलंगाजवळ बसले. यांनी हात लांब करून भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडात घातला. मग दुसरा. मी चावत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हे माझ्या गळ्याकडे बघत होते... घास खाली उतरतो तिथं. स्वतःचा गळा मिटलेला असताना माझा गळा हलताना बघून यांना कसलं समाधान मिळत होतं, कोण जाणे. जेवण झालं की बोटांना लागलेलं पिठलं हे हुंगायचे आणि मगच हात पुसू द्यायचे.

मग रोजच असं होऊ लागलं. त्यातल्याच एका दुपारी, ताट उचलताना, म्हणाले, "एक सांगू? माझ्यामागं उभ्यानं जेवू नको. तुला सवय हाय ती. ओट्यापाशी उभं ऱ्हातीस अन् कसंतरी कोंबतीस. बसून जेवत जा." मी म्हटलं, "असलं बोलू नका." म्हणाले, "बरं. पण बसून जेव." त्यानंतर थोड्याच दिवसांत आवाज पूर्ण गेला.

यांना झरीलाच नेलं. अग्नी मेघानं दिला. मी त्या दिवसांत काय केलं, कुणाशी काय बोलले, मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की अल्माझचा फोन आला. ताडेसेंनी तिला बातमी सांगितली होती. तिचं इंग्रजी माझ्याहून कच्चं. खूप वेळ नुसती रडली. मग एकच प्रश्न विचारला, "आता तुझ्याबरोबर कोण जेवतं?" मला इतक्या माणसांनी इतकं काय काय विचारलं होतं... किती दिवस आजारी होते, त्रास झाला का, शेवटी शुद्ध होती का. हे कुणीच विचारलं नव्हतं. फोन तसाच कानाला धरून बसले.

तेरवीच्या दिवशी ओसरीत पंगत बसली. मी आत भिंतीला टेकून बसले होते. जाऊबाईंनी समोर ताट ठेवलं होतं, पण हात जाईना. एवढ्यात दारात दादा उभे राहिले. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही, मध्ये कुणीतरी लागतं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एक वाक्य बोलले नव्हते. ते आत आले. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरून माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "मेघाची आई, वसंता म्हणला होता मला, तुमी बी या इथं." त्यांनी माझं ताट जवळ ओढलं. "आलो न्हाई मी." मग त्यांनी माझ्या ताटातला भाताचा घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि तो हात तसाच राहिला. ऐंशीच्या घरातला माणूस, हातात घास धरून लहान पोरासारखा रडत होता. "माझा भाऊ उपाशी गेला हो," एवढंच म्हणत होते. जाऊबाई आल्या, माझ्या शेजारी बसल्या. त्या दिवशी त्या ताटातलं आमच्यापैकी कुणीच फारसं खाल्लं नाही. पण आम्ही तिघं त्या ताटाभोवती बसून होतो, आणि बाहेरची पंगत उठली तरी उठलो नाही.

मेघा पुण्याला परत गेली आहे. मी परभणीच्या घरात एकटी असते. लोक म्हणतात दिवस जातात तसं सोपं होतं. होत असेल. मला अजून एका माणसाचा स्वयंपाक कसा करायचा ते कळत नाही, आणि जेवायला बसलं की पहिला घास तोंडापर्यंत न्यायला फार वेळ लागतो. तरी मी बसते. रोज पाट घेते, ताट वाढून घेते, बसते. काल भाकरी भाजताना तव्याजवळ उभ्याउभ्याच एक तुकडा मोडून तोंडात टाकला. सवयीनं झालं. लक्षात आलं तशी चावायची थांबले. गॅस बंद केला, तो तुकडा तोंडात तसाच धरून बाहेर आले, पाटावर बसले... आणि मग गिळला.